दाखला आणा, मग शिका

आमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांसाठी आजीवन शिक्षणाचे वर्ग सुरू झालेत. मोबाइल वापरणं, ऑनलाइन वीजबिल भरणं, घरबसल्या हयातीचा दाखला काढणं. फी नाही, चहा आहे. फक्त अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला हवा. मूळ प्रत आणि दोन साक्षांकित झेरॉक्स.

हसू नका. ऐंशीतल्या एखाद्या आजोबांनी आधीची शाळा न सोडताच इथं नाव घातलं, तर ते दोन्हीकडची खिचडी खातील.

दाखले आले. अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं, असा मास्तरांचा हिशेब. तारीख ते आपल्या मनानंच घालत. संगणकाला हा घाऊक वाढदिवस पटेना. त्यानं एक आजोबा ठेवले, बाकीचे दुबार नोंद म्हणून बाद केले.

शेजारच्या आजींकडे दाखलाच नाही. माहेर पुण्याचं, शाळा नदीकाठची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्यात रजिस्टर गेलं. टेबलामागच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मग वाहून गेल्याचा दाखला आणा."

"रजिस्टर की मी?"

त्यानं यादी पाहिली. "कुठलाही चालेल."

दुसऱ्या एका आजींनी मात्र दाखला जपून ठेवलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावून. चौथीपर्यंत वर्गात पहिल्या. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात लिहिलंय : सतत गैरहजर. गैरहजर राहून काय करत होती हो ही पोर? धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरत होती, म्हणून थोरला हजर राहू शकला! त्याच्या दाखल्यावर उत्तीर्ण, हिच्या दाखल्यावर ठपका. पुढं 'वर्तणूक : चांगली'. जरा वाईट असती, हंडा आपटून पळाली असती, तर मॅट्रिक तरी झाली असती. तिला वर्गातून उठवताना कुणी साक्षांकित प्रत मागितली नव्हती. बापानं निरोप धाडला, झालं काम. आता गुडघे बदललेली बाई दोन जिने चढून आपणहून आलीय, तर तुम्हाला कागद पाहिजेत? आणि शिकवणार काय, तर नवऱ्यामागची पेन्शन थांबू नये म्हणून दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कॅमेऱ्याला कसं पटवायचं. कारण अंगठा यंत्रावर उमटत नाही, रेषा झिजल्यात म्हणे. झिजतील नाही तर काय! घरादाराची भांडी काय यंत्रानं घासली?

असो. तिचा अर्ज शेवटच्या रकान्यावर अडलाय. तिथं पालकाची सही लागते. छापील नमुना शाळेचाच उचललाय, त्याला कोण काय करणार. आजींनी कागद आपल्या मुलापुढं ठेवला. त्यानं पेन उघडलं, वर्गाची वेळ वाचली आणि पेन मिटलं.

"चार वाजता? मग चिंटूला बसवरून कोण आणणार?"