स्टेजिंगवाली

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास कुणा मराठी कुटुंबाने घर विकायला काढलं, की एजंटच्या मागोमाग ही बाई येतेच. पन्नाशीच्या अलीकडची, हातात मोजायची टेप, खांद्यावर दोन उशा मावतील एवढी पिशवी; आणि उशा असतातच. उंबऱ्यातच ती नाक वर करते.

"काकू, काल मासे?"

"नाही गं, परवा."

"ओपन हाऊस होईपर्यंत साधं वरणभात. फोडणी बंद."

त्या क्षणापासून काका तिचे शत्रू.

तिला इंटिरिअर डिझायनर म्हटलेलं अजिबात खपत नाही. याच घरी पूर्वी आलेला डिझायनर काकांना विचारत बसला होता : सकाळचा चहा कुठे घेता, पुस्तकं किती, गुडघे कुरकुरतात का. मग त्याने बेतून भिंतभर कपाट करून दिलं. ही काकांना काहीच विचारत नाही. तिच्या लेखी घरातला सगळ्यात मोठा पसारा म्हणजे काकाच. पैसे ते देणार, पण लाड व्हायचे ते अजून तोंडही न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचे. डिझायनरचं काम वर्षानुवर्षं टिकायला हवं. हिचं, सौदा पक्का होईपर्यंत. सोफासुद्धा महिन्याच्या भाड्याने आणलेला.

या विद्येची आद्यगुरू सिअ‍ॅटलकडची बार्ब श्वार्ट्झ. विकायचं घर रंगमंचासारखं मांडायची कल्पना तिने १९७२ मध्ये काढली, असं मानतात. आमची बाई हे साल राज्याभिषेकाच्या सालासारखं सांगते.

मग उचलाउचल. लग्नाचा फोटो, मुंजीचा फोटो, हार घातलेले आजोबा. "घेणाऱ्याला इथे त्याचं कुटुंब दिसलं पाहिजे, काकू, तुमचं नाही." आजोबा भाड्याच्या स्टोरेजमध्ये गेले. हळदीच्या रंगाची भिंत 'अ‍ॅग्रीएबल ग्रे' झाली (या नावाचा रंग तिकडे खरंच मिळतो, आणि कुणाचंही मत नसलेल्या माणसासारखा दिसतो). खोली मोठी भासावी म्हणून किंग पलंग जाऊन क्वीन आला. पाहुण्यांच्या खोलीत तर पलंगच नाही : खोकी, त्यांवर हवेची गादी, वर आठ उशा. बसायचं नाही, अशी ताकीद होती. काका बसले.

ओट्यावर काचेच्या भांड्यात लिंबं ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिने भांड्याकडे पाहिलं.

"दोन कमी आहेत."

"अगं, पोह्यांवर पिळायला..."

"पोहे? म्हणजे फोडणीही झाली!"

इतकं असून ती खोटारडी नाही. बेसमेंटमधली ओल रंगाखाली दडवू म्हणणाऱ्या काकांना तिने बजावलं, की ठाऊक असलेला दोष लपवला तर पुढे कोर्ट. पसारा लपवायचा, दोष नाही, एवढी नीती ती पाळते.

गाडी अडली ती देवांपाशी. जिन्याशेजारच्या कपाटात काकूंनी देवघर केलं होतं. बाईने तिथे दुमडलेले पांढरे टॉवेल रचले आणि देव शेजाऱ्यांकडे पाठवले. रविवारी ओपन हाऊस. पहिलं जोडपं आलं, हैदराबादचं. नवऱ्याने मोबाइलवर होकायंत्र काढलं, घर पूर्वाभिमुख निघालं, तो खूश. बायकोने ना ओटा पाहिला, ना लिंबं. सगळी कपाटं उघडत जिन्यापाशी आली, टॉवेल हुंगले आणि म्हणाली, "पूजा रूम यहीं थी ना?"

बाई एका श्वासात म्हणाली, "जी, बिलकुल यहीं." टॉवेल काढलेसुद्धा.

ऑफर त्यांचीच आली, मागितल्यापेक्षा वरची. पुढच्या गिऱ्हाइकाला, बुधवारी, फोनवर तिचा नवा नियम ऐकू आला : "देव काढा, पण कापूर एकदा लावा. आणि अगरबत्ती नको हं, तो पसारा झाला."