वाटूरचा काळा दगड, वरळीचा बेडूक

जालना जिल्ह्यातल्या वाटूरला काळा दगड मुबलक आहे आणि पावसाळ्यात बेडूकही. प्रागैतिहासिक उभयचरांचे जीवाश्म जमवणाऱ्याची अडचण एवढीच, की या दोघांची गाठ सहसा पडत नाही. हा दगड दख्खनचा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. हजार अंशांहून तापलेल्या रसात बेडूक टिकत नाही, आणि त्याचे हाडही टिकत नाही. शास्त्राला दुःख हाडाचे. अशा दगडात विहीर खणली तर गारगोट्या निघतात, झिओलाइटचे स्फटिक निघतात. एखाद्या गारेत फांद्याफांद्यांचे झाड दिसले, की जीवाश्म सापडल्याची बातमी पसरते. ते झाड म्हणजे मँगनीजची नक्षी असते, पण बातमी मागे घ्यायला कोणी फिरकत नाही.

उभयचर सापडायचा तर दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात. उद्रेक थांबला, की खोलगट जागी पाणी साचे, चिखल बसे, त्यात जीव मरून पुरले जात. मग पुढचा लाव्हा वरून झाकण घाली. मुंबईत वरळीच्या टेकडीखाली असाच काळसर, पापुद्र्यापापुद्र्यांचा थर निघाला. त्यात इवल्या बेडकांचे सांगाडे होते, मागच्या लांब तंगड्यांसकट. १८४७ मध्ये लंडनचे शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी या बेडकाला ‘राना पुसिला’ नाव देऊन आजच्या बेडकांच्या कुळात घातले. कूळ चुकले होते. १९३० मध्ये प्राणिशास्त्रज्ञ नोबल यांनी ‘इंडोबॅट्राकस’ ही नवी प्रजाती काढली. दुरुस्तीला ८३ वर्षे लागली. सातबाऱ्यावरचे नाव बदलायला हेलपाटे घातलेल्यांना हे फार वाटणार नाही. वरळीत हातोडी चालवणे आता अवघड आहे, कारण थरावर उभ्या इमारतींचा चौरस फूट जीवाश्मापेक्षा दुर्मीळ झाला आहे.

याहून जुना उभयचर विदर्भातल्या मांगलीचा. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याची रुंद, चपटी कवटी ओवेन यांनीच १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ म्हणून वर्णिली. मांगलीचा खडक लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा, नदीतळ्यांच्या गाळाचा. म्हणून तिथे कवटी शाबूत राहिली.

सापडलेल्या तुकड्यासोबत जागा आणि थर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी लागते. ती नसेल तर मांगलीची कवटीही दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होते, आणि पाहुणे तिला मगर समजतात.