आलेल्या-गेलेल्यांची मोजदाद

व्हिजिटर अ‍ॅनालिटिक्स म्हणजे वेबसाइटवर कोण आले, कुठून आले, काय पाहिले आणि कोणत्या पानावरून परत फिरले, याची आपोआप होणारी नोंद. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हे शास्त्र यंत्राविना पूर्वीपासूनच प्रगत आहे. टोकावड्याला किंवा डोळखांबला एसटीतून उतरलेल्या अनोळखी माणसाला पारावरून पहिला प्रश्न येतो, "कुणाकडे?" मग दुसरा, "कुठले तुम्ही?" चहा संपेपर्यंत त्याचे गाव, आडनाव, सोयरीक आणि परतीची गाडी अशी सगळी नोंद पुरी झालेली असते. वेबसाइटवर मात्र परका माणूस येतो, घरभर हिंडतो आणि कुणी एका शब्दाने न विचारता निघून जातो. ही उणीव भरून काढण्यासाठी पानाच्या पोटात कोडच्या चार ओळी बसवतात.

या भागात अशी गरज प्रामुख्याने फार्महाऊस, रिसॉर्ट आणि कृषी पर्यटन केंद्रांना पडते. एका बाजूला मुंबई-नाशिक महामार्ग, माहुली किल्ला आणि भातसा धरण. दुसऱ्या बाजूला कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटात चढणारा रस्ता. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले आणि भाताच्या खाचराशेजारी दोन खोल्या, एक झोपाळा व 'चुलीवरचे जेवण' असा व्यवसाय उभा करायला सरकारी शब्दही मिळाले. वेबसाइट बहुधा इंजिनीअरिंगला असलेला भाचा करून देतो. पहिल्या पानावर धबधब्याचा फोटो असतो. धबधबा खरा असतो, फक्त तो त्या फार्महाऊसवर नसतो.

मोजदादीचा इतिहास थोडक्यात असा. सुरुवातीच्या वेबसाइटांच्या तळाशी आकडे फिरणारा काउंटर असे. पान पुन्हा उघडले की आकडा एकने वाढे, त्यामुळे हौशी मालक रात्रीतून स्वतःच शंभर पाहुणे जमवू शके. २००५ मध्ये गूगलने अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट खुले केले. २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती, जीए-फोर, आली आणि जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नव्या नोंदी घेणे थांबवले. ज्यांनी जुनी पद्धत नुकतीच शिकून घेतली होती, त्यांना पुन्हा बिगरीपासून सुरुवात करावी लागली. आपली माहिती आपल्याच सर्व्हरवर ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी माटोमोसारखी साधने आहेत. पण सर्व्हर सांभाळणे हा स्वतंत्र संसार असल्याने लहान व्यावसायिक सहसा त्या वाटेला जात नाही.

उभारणीची पहिली पायरी खाते उघडण्याची. ते मालकाच्या ईमेलवर उघडावे. व्यवहारात ते भाच्याच्या ईमेलवर उघडले जाते. पुढे भाच्याला पुण्यात नोकरी लागते, मामा-भाच्यांत जमिनीवरून बोलणे बंद होते आणि तीन पावसाळ्यांची आकडेवारी भावकीच्या वादात अडकते. भाच्याला संपादनाचा हक्क द्यावा, मालकी देऊ नये. सातबाऱ्याबाबत जी दक्षता घेतली जाते, तीच येथे पुरेशी आहे.

दुसरी पायरी वेळ आणि चलन निवडण्याची. ही दोन घरे घाईत तशीच सोडली, तर कधी कधी लॉस एंजेलिसची वेळ आणि अमेरिकी डॉलर कायम राहतात. तसे झाले, की मुरबाडच्या फार्महाऊसची तारीख उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला बदलते. सकाळी पोहे खाताना केलेली चौकशी आदल्या दिवसात जमा होते. रविवारी सकाळी गर्दी असूनही अहवालात शनिवारच का फुगतो, याचे कारण ग्रहमानात शोधण्यापूर्वी हे घर तपासावे. भारतीय वेळ आणि रुपया निवडला, की दिवस मध्यरात्रीच बदलतो.

तिसरी पायरी कोड बसवण्याची. खाते तयार झाले, की 'जी' या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा एक मापन क्रमांक मिळतो. तो असलेला कोड प्रत्येक पानाच्या वरच्या भागात एकदाच घालायचा असतो. भाच्याने तो थीममध्ये घातलेला असतो. पुढे दुरुस्तीला आलेला तालुक्याचा संगणकवाला तोच क्रमांक प्लगिनमध्येही घालतो. मग प्रत्येक पान दोनदा उघडल्याचे दिसू लागते. हा दोष लवकर लक्षात येत नाही, कारण आकडे दुप्पट झाल्याची तक्रार आजवर कोणत्याही मालकाने केलेली नाही.

कोड बसल्याची खात्री 'रिअलटाइम' या अहवालात होते. गेल्या अर्ध्या तासात साइटवर असलेली माणसे तेथे दिसतात. मालक मोबाइलवर आपली साइट उघडतो आणि संगणकावर '१' हा आकडा उमटतो. घरात आनंद होतो. तो एक म्हणजे मालकच असतो.

यातूनच चौथी पायरी निघते: घरची माणसे वगळणे. नव्या वेबसाइटचे पहिल्या महिन्यातले पाहुणे म्हणजे मालक, मालकीणबाई, भाचा आणि मेहुणा. पैकी मेहुणा सर्वांत निष्ठावान. तो रोज पाहतो आणि फोटो कुठला ठेवावा यावर मतही देतो. अंतर्गत वावर वगळण्यासाठी अ‍ॅनालिटिक्समध्ये फिल्टर आहे. त्यात घरच्या इंटरनेटचा आयपी पत्ता द्यायचा आणि फिल्टर चाचणीच्या अवस्थेतून चालू अवस्थेत आणायचा. बहुतेक जण दुसरे काम विसरतात. शिवाय मोबाइल डेटावर हा पत्ता सतत बदलत असल्याने शेतावरून पाहणारा मेहुणा फिल्टरमधून निसटून पुन्हा ग्राहकांत जमा होतो. त्यावर खात्रीचा उपाय त्याला फोटोंबद्दल न विचारणे हाच आहे.

पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. किती जण आले, यापेक्षा आल्यावर त्यांनी काय केले ते मोजावे लागते. पान नव्वद टक्क्यांपर्यंत खाली सरकवणे, बाहेरच्या दुव्यावर जाणे, फाइल उतरवून घेणे अशा काही हालचाली जीए-फोर आपणहून टिपते. फोनच्या बटणावरची बोटे मात्र ते आपणहून मोजत नाही. त्यासाठी टॅग मॅनेजर या जोडसाधनात वेगळी सूचना लिहावी लागते: फोन नंबरच्या दुव्यावर क्लिक झाले, की नोंद कर. व्हॉट्सअ‍ॅपच्या आणि नकाशाच्या बटणासाठीही वेगवेगळी नावे असलेल्या अशाच सूचना द्याव्यात आणि तिन्ही नोंदींना 'की इव्हेंट' अशी खूण करावी. शहापूर-मुरबाडच्या फार्महाऊसवर ऑनलाइन पैसे भरून बुकिंग करणारा विरळाच. इथला व्यवहार फोनवर होतो आणि त्याचे प्रश्न ठरलेले असतात: "पूल आहे का? गाणी किती वाजेपर्यंत चालतात? मुलांचे अर्धे धरता ना? आणि तो फोटोतला धबधबा कुठेशी आहे?"

सहावी पायरी पाहुणा कोणत्या वाटेने आला हे ओळखण्याची. त्यासाठी दुव्याच्या शेपटीला यूटीएम नावाची खूण जोडतात. त्यातला 'यू' हा त्याच अर्चिन कंपनीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या दुव्याला एक खूण, सरळगावच्या फ्लेक्सवरील क्यूआर कोडला दुसरी, आसनगाव स्टेशनच्या रिक्षांमागे लावलेल्या कागदाला तिसरी. खूण नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली माणसे बहुधा 'डायरेक्ट' या रकान्यात पडतात आणि मालकाचा समज होतो, की लोकांना पत्ता तोंडपाठ आहे. खूण नेहमी छोट्या इंग्रजी अक्षरांतच लिहावी. व्हॉट्सअ‍ॅप हे नाव तीन जणांनी तीन तऱ्हांनी लिहिले, की अहवालात तीन वेगवेगळी व्हॉट्सअ‍ॅपे दिसतात आणि तिन्ही फायद्यात नसतात.

यानंतर आकडे वाचणे. 'युजर' म्हणजे माणूस नव्हे, ब्राउझर. एकाच बाईने आपल्या मोबाइलवर, नवऱ्याच्या मोबाइलवर आणि ऑफिसच्या संगणकावर पान पाहिले, तर ती तीन युजर होते. उलट कल्याणला लोकलमध्ये बसताना पान उघडून थेट कसाऱ्याला उतरताना पुन्हा पाहणारा गृहस्थ एकच युजर, पण दोन सेशन. कारण अर्ध्या तासापेक्षा जास्त खंड पडला, की नवे सेशन धरतात. दहा सेकंदांहून अधिक थांबला, दोन पाने पाहिली किंवा एखादी की इव्हेंट केली, की ते सेशन 'एंगेज्ड' ठरते. ही कसोटी उदार आहे. मंडळाच्या सहलीचा दुवा चौदा जणांच्या ग्रुपवर पडला, की चौदा युजर वाढतात, बुकिंग एक होते आणि रविवारी सहा जण येतात.

शहरांचा अहवाल करमणुकीसाठी वाचावा. तो आयपी पत्त्यावरून अंदाज बांधतो. मोबाइल कंपनीचे जाळे मुंबईतून बाहेर पडत असेल, तर शहापूरच्या बाजारपेठेत उभा असलेला माणूसही मुंबईकर ठरतो. खोली न घेता हा मान एरवी कुणाला मिळत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमधूनही अधूनमधून पाहुणे दिसतात. ते गाव डेटा सेंटरांसाठी प्रसिद्ध आहे. ओळखीचे बॉट अ‍ॅनालिटिक्स आपणहून गाळते, पण काही सुटतात. त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या टाकण्याची गरज नाही. शहापूर नावाची गावेही अनेक आहेत. एक कर्नाटकात यादगीर जिल्ह्यात आहे आणि बेळगावचे शहापूर साड्यांसाठी नावाजलेले. साडी शोधत आलेल्या बाईंना रेन डान्सचे पान दिसले, तर त्या दहा सेकंद थांबणार नाहीत, हे स्वाभाविक आहे. कोण कोणते शब्द शोधत आले, हे गूगल सर्च कन्सोल या वेगळ्या साधनात दिसते आणि तिथे असले घोटाळे उलगडतात.

आकड्यांना ऋतू असतो. जून-जुलैत माळशेजच्या धबधब्यांमुळे आलेख चढतो. धबधब्यांवर प्रशासनाची मनाई लागू झाली, की तो आणखी चढतो. कारण बंदी आहे का, हे पाहायला पूर्वीपेक्षा जास्त लोक येतात. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. साइटवर यात्रेची तारीख दिलेली असेल, तर त्या पंधरवड्यात पाहुण्यांचा पूर लोटतो. त्यांना बैल पाहायचे असतात, घोंगडी घ्यायची असते. एसी खोली नको असते. म्हणून मेशी जुलै ताडून पाहू नये, मागच्या जुलैशी हा जुलै ताडावा. बारकाईने ताडायचे, तर माहिती टिकवण्याची मुदत आधीच वाढवून ठेवावी लागते. जीए-फोरमध्ये बारकाईच्या विश्लेषणाची माहिती मुळात दोनच महिने राहते. ती चौदा महिन्यांपर्यंत वाढवता येते. साध्या अहवालांना ही मर्यादा नाही.

जे मोजले जात नाही, तेही ध्यानात घ्यावे. मुरबाड तालुक्यातले धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाले आणि तिथल्या दुकानांत कार्ड घासायची यंत्रे आली. कार्डाचे यंत्र असो की वेबसाइटचा कोड, दोघांनाही रेंज लागते. कोड पोहोचण्याआधीच माणसाने कंटाळून मोबाइल खिशात टाकला, तर त्याच्या येण्याची नोंदच होत नाही. घाटाच्या तोंडाशी जड फोटोंचे पान उघडत बसलेला पाहुणा अहवालात येईलच असे नाही. समोर दिसेल त्या ढाब्यावर तो वडापाव खातो.

खासगीपणाचा प्रश्नही सोडून चालत नाही. डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला. पाहुण्याचे नाव, फोन नंबर किंवा ईमेल अ‍ॅनालिटिक्समध्ये जाऊ देऊ नये, असा गूगलचा स्वतःचाही नियम आहे. चौकशीचा फॉर्म भरल्यावर उघडणाऱ्या पानाच्या पत्त्यात फोन नंबर दिसत असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. पारावर तोंडी झालेल्या चौकशीला हा कायदा लागू होत नाही.

मागोवा घेण्याची खरी मर्यादा दाखवणारे उदाहरण याच मुलखातले आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत सापडलेल्या एका बिबट्याला जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचे नाव आजोबा ठेवले. पुढे २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी चित्रपटही निघाला. आजोबा कसाऱ्याचे रेल्वेस्थानक आणि महामार्ग ओलांडून, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. पट्ट्याने त्याची वाट दाखवली. त्याच्या मनात काय होते, ते पट्ट्याला कळले नाही. अ‍ॅनालिटिक्सच्या भाषेत पाहिले, तर शहापूर तालुक्यातून गेलेला हा पाहुणा कुठेही न गुंतता बाहेर पडला. इतक्या बारकाईने माग काढलेल्या पाहुण्याचाही हेतू अहवालात येत नसेल, तर वेबसाइटवर अकरा सेकंद थांबलेल्याचा कुठून येणार?

तो हेतू विचारूनच कळतो. म्हणून यंत्राच्या जोडीला फोनशेजारी एक वही ठेवावी आणि प्रत्येकाला "आमचा नंबर कुठून मिळाला?" एवढे विचारून उत्तर लिहावे. महिनाअखेर फोन, व्हॉट्सअ‍ॅप आणि नकाशा यांच्या क्लिकचे आकडे वहीशेजारी मांडावेत. क्लिक पुष्कळ आणि फोन थोडे असतील, तर बटणावर भाच्याचा जुना नंबर राहिलेला असतो. फोन पुष्कळ आणि क्लिक थोडे असतील, तर रस्त्यावरचा फ्लेक्स काम करतो आहे. पावसाळ्याआधी तो नवा करून घ्यावा. आणि वहीत जागोजागी 'तुमच्या मेहुण्यांनी सांगितले' असे निघाले, तर फिल्टर आहे तसाच ठेवून मेहुण्याचे जेवण मात्र खर्चाच्या वहीत 'जाहिरात' या सदराखाली लिहावे.