हिरव्या रंगाचा चौकोन

प्लॉट घ्यायला गेलेला माणूस ले-आउटच्या नकाशात आधी स्वतःचा नंबर शोधतो, मग समोरचा रस्ता नऊ मीटरचा की बारा मीटरचा ते विचारतो, तोंड दक्षिणेला नाही ना याची खात्री करून घेतो, आणि नकाशाची घडी घालता घालता त्याची नजर कोपऱ्यातल्या हिरव्या चौकोनावर पडते. ‘ही ओपन स्पेस,’ एजंट सांगतो, आणि अशा सुरात सांगतो की ती त्यानेच आपल्याला आहेर म्हणून दिली असावी. खरे तर ती कायद्याने सोडायला लावलेली असते. एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ती नेमकी कुठे ठेवावी हे मात्र कायद्यापेक्षा जमिनीच्या मालकाला जास्त कळते. जिथे ओढा वळण घेतो, जिथून विजेच्या तारा जातात, जिथे कितीही फिरवून मोजले तरी शेवटी एक तिरपा तुकडा उरतोच, नेमके तिथे त्याचे निसर्गप्रेम दाटून येते. त्यामुळे आमच्याकडच्या ओपन स्पेस नकाशात चौकोनी असल्या तरी जमिनीवर कडेच्या शंकरपाळ्यासारख्या निघतात: आकार कुठलाच नाही, पण टाकवत नाही.

आमच्याकडे म्हणजे सावेडीला. नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ अजून आधीच्याच स्टेशनावर उतरते) वेशींच्या आत दाटीने राहणारी माणसे एकेक करून उत्तरेला सरकली आणि ज्वारीच्या रानांना कॉलन्यांची नावे मिळाली. अजूनही कापडबाजारात जायचे असेल तर सावेडीकर ‘जरा गावात जाऊन येतो’ म्हणतो. आपण स्वतः कुठे राहतो, हे तो मोघमच ठेवतो. इथे एक गुलमोहर रोड आहे आणि एक पाईपलाईन रोड आहे, आणि दोन्ही पत्ते सारख्याच तोऱ्यात सांगितले जातात. मुळा धरणाच्या पाण्याची वाट बघण्यात ज्या शहराच्या पिढ्या गेल्या, त्याला नळाचे नाव फुलाच्या नावाइतकेच सुगंधी वाटले तर नवल नाही.

गंमत अशी, की हे शहरच मुळात बागेतून उगवले आहे. २८ मे १४९० रोजी अहमद निजामशहाने इथे बहमनी फौजेचा पराभव केला, आणि त्या विजयाला इतिहासात चक्क बागेचा विजय म्हणतात, कारण जिंकलेल्या जागी त्याने महाल उभारून भोवती बाग लावली. सीनेच्या काठी शहर वसवायला त्याने घेतले ते पुढे १४९४ मध्ये. म्हणजे आधी बाग, मग माणसे. नगररचना शिकवणाऱ्या कुठल्याही प्राध्यापकाने फळ्यावर लिहून ठेवावा असा हा क्रम. पण त्या बागेचे पुढे काय झाले? तिच्यावर बांधकाम झाले. भुईकोट किल्ला आज उभा आहे तो त्याच जागेवर. नगरमधली मोकळ्या जागेची पहिली गोष्ट अशी पाच शतकांपूर्वीच घडून गेली, आणि तेव्हा हरकती-सूचना मागवल्याची नोंद कुठे सापडत नाही. पुढे १९४२ मध्ये त्याच किल्ल्यात जवाहरलाल नेहरूंना कैदेत ठेवले. दुसरे काही काम नाही म्हणून त्यांनी भर उन्हात फुलांचे वाफे खणायला घेतले, तर मातीत निघाले दगड आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा. साडेचारशे वर्षांनी एका कैद्याने बागेच्या जागी पुन्हा बाग करायला घ्यावी, हे मला त्यांच्या तिथे लिहिलेल्या जाडजूड ग्रंथाइतकेच मोलाचे वाटते.

निजामशहांना मोकळी जागा सोडता यायची, पण मोकळी ठेवता यायची नाही. फराहबागेच्या मधोमध तळे होते, तळ्याच्या मधोमध महाल. तो पहिल्यांदा बांधला तो राजाच्या पसंतीस उतरला नाही म्हणून पाडून पुन्हा बांधला, आणि १५८३ मध्ये एकदाचा पुरा झाला असे सांगतात. हे वाचल्यापासून आमच्या कॉलनीच्या सभांकडे मी अधिक आदराने बघू लागलो. आता फराहबागेचे तळे कोरडे आहे, महाल तेवढा आहे. सावेडीतल्या भिस्तबागेचेही तेच: बाग गेली, अष्टकोनी अवशेष राहिले, आणि नाव एका चौकाला चिकटले. त्या चौकात आता संध्याकाळी पाणीपुरीच्या गाड्या लागतात आणि रिक्षावाले कुणालाही तीन बोटे दाखवून बोलावतात. उभ्या आयुष्यात ज्यांनी कारंजे बघितले नाही अशी माणसे दिवसातून दोनदा शाही बागेचे नाव घेतात, यात काहीतरी न्याय आहे.

आमच्या कॉलनीची ओपन स्पेस चौदा-पंधरा गुंठ्यांची असेल. तिच्यात कुणीही काहीही लावलेले नाही, आणि म्हणून तिच्यात सगळे काही होते. सकाळी निवृत्त मंडळी तिला प्रदक्षिणा घालतात, दुपारी तिथे कुणाच्या तरी घरच्या कुरडया वाळत असतात आणि घरातले सर्वांत धाकटे पोर काठी घेऊन कावळ्यांवर बसवलेले असते, संध्याकाळी क्रिकेट. पूर्वेच्या भिंतीला लागला तर चौकार, वकीलसाहेबांच्या गच्चीवर गेला तर आऊट, आणि चेंडूही गेला. उन्हाळ्यात एखाद्या लग्नाचा मांडव पडतो, भाद्रपदात गणपती बसतात, आणि ज्याच्या घरी बांधकाम चालू असेल त्याची वाळू वर्षभर तिथे विश्रांती घेते. पावसाळ्यात काँग्रेस गवत कमरेइतके वाढते आणि त्यातून गेलेल्या पायवाटा वरून पाहिल्या तर कॉलनीत कोण कोणाकडे जाते याचा अगदी खरा नकाशा दिसतो.

आता इतकी सुखात असलेली जागा आपल्याला बघवत नाही. रिकामा हात, रिकामी भिंत आणि रिकामी जमीन बघून माणसाला कसनुसे होते. तिचे काहीतरी केले पाहिजे. आमच्याकडे त्याचे पक्ष आहेत. एक पक्ष मंदिराचा. त्यांनी पूर्वी केव्हातरी उत्साहाच्या भरात विटाही आणून टाकल्या आहेत. दुसरा पक्ष पेव्हर ब्लॉक, ओपन जिम आणि नगरसेवकांच्या नावाची कमान असा. तिसरा ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राचा, आणि त्यातल्या ज्येष्ठांना घराबाहेर विरंगुळा हवा आहे पण तो छपराखाली. वकीलसाहेब चौथे, त्यांचा पक्ष म्हणजे सर्वोच्च न्यायालय. बंगळूरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला द्यायचा बेत १९९१ मध्ये न्यायालयाने कसा मोडीत काढला, हे ते दर सभेत नव्याने सांगतात, आणि दर सभेत ते ऐकून मंदिरवाले म्हणतात, ‘पण आम्ही कुठे दवाखाना म्हणतोय?’

या सगळ्यांत माळढोक मात्र मला राहून राहून आठवतो. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून १९७९ मध्ये त्याच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. कागदावर एवढी मोकळी जागा एका पक्ष्याला राज्यात क्वचितच कुणी दिली असेल. पण ती खरोखर मोकळी नव्हती. तिच्यात गावे होती, रस्ते होते, उसाची शेते होती, आणि कित्येक माणसे सकाळी उठून आपण अभयारण्यात चहा पितो आहोत हे न कळता चहा पीत होती. पुढे क्षेत्र कमी करत करत ते साधारण १,२२२ वर आणले. माळढोक हा गवतातला पक्षी, झाडावर न बसणारा. जमिनीवर उघड्यावर अंडे घालणार, तेही बहुधा एकच. त्याला हवा होता नुसता माळ. आणि माळ म्हटले की आपल्या डोळ्यांना पडीक जमीन दिसते. तिथे झाडे लावावीत, विहीर पाडावी, निदान एक फलक तरी उभा करावा. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचे काळवीट त्या मानाने नशीबवान. त्यांच्या अभयारण्याला जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर जागा मिळाली, ती १९८० पासून बऱ्यापैकी टिकली. पुष्कळ मागून थोडे मिळण्यापेक्षा थोडेच मागून ते सांभाळावे, असे काळविटांना कुणी शिकवले कोण जाणे.

आमची जागाही टिकली आहे, पण ती कुणी सांभाळली म्हणून नव्हे. भांडणाने टिकली आहे. मंदिरवाले जिमवाल्यांना हलू देत नाहीत, जिमवाले विरंगुळ्याला, आणि वकीलसाहेब कुणालाच. एखाद्या वर्षी एकमत होईल की काय अशी हवा पडते आणि माझ्या पोटात गोळा येतो. पण देवावर भरवसा ठेवावा, कोणीतरी मंदिर कोणत्या देवाचे असा प्रश्न विचारतोच. शहराच्या विकास आराखड्यात मोकळ्या जागांसाठी पुष्कळ तरतुदी असतील, पण शेजाऱ्यांच्या मतभेदाइतकी खात्रीची तरतूद त्यात मला कुठे दिसलेली नाही.

यंदाच्या सभेतही हा विषय निघाला, रंगला, आणि चहा येताच पुढच्या सभेवर गेला. मग खजिनदारांनी निदान गवत तरी कापून घेऊ असे सुचवले. त्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नव्हते. पण मुख्याध्यापक सर उभे राहिले आणि म्हणाले, पश्चिमेच्या कोपऱ्यात खड्यांमध्ये टिटवीने चार अंडी घातली आहेत, पिल्ले निघेपर्यंत मशीन आत आणू नका. सभा क्षणभर गप्प झाली. क्रिकेटवाल्या पोरांनी सांगितले की त्यांना ते केव्हाच माहीत आहे, त्या बाजूचा चौकार त्यांनी रद्दच केला आहे. तेव्हा त्या चार अंड्यांभोवती विटांचे कुंपण घालावे असा ठराव एकमताने मंजूर झाला, कॉलनीच्या इतिहासातला बहुधा पहिलाच. मंदिरासाठी आणलेल्या ढिगातल्या विटा त्याला वापराव्यात की विकत आणाव्यात, यावर मात्र ताबडतोब दोन पक्ष पडले.