बर्फयंत्र थंडावल्यास

प्रस्तुत मार्गदर्शन अशा कुटुंबांसाठी आहे, ज्यांच्या स्वयंपाकघरात कपाटाएवढा दोन दारांचा फ्रीज आहे, त्यात बर्फ आपोआप पडण्याची सोय आहे, आणि बर्फ पडत नाही. ज्यांच्याकडे अजून प्लास्टिकचे ट्रे आहेत त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांचा बर्फ होतो. फक्त ट्रे रिकामा करणारा तो भरून ठेवत नाही, आणि या बिघाडावर उपाय निघालेला नाही.

यंत्रावर आळ घेण्यापूर्वी घरातल्यांच्या जबान्या घ्याव्यात. आइस मेकरच्या बाजूला बहुधा एक तारेची किंवा प्लास्टिकची दांडी असते. डबा भरला की बर्फ तिला टेकतो, ती वर राहते आणि यंत्राला कळते की आता पुरे. पुरणाच्या गोळ्यांचा डबा आत कोंबताना कुणी ही दांडी वर ढकलली असेल, तर यंत्र आज्ञाधारकपणे गप्प बसलेले असते. दारावरच्या पट्टीवर बर्फ बंद करण्याचे बटणही असते आणि ते घरातल्या सर्वात लहान सदस्याच्या बरोबर उंचीवर असते. बटण तपासावे, दांडी खाली करावी. ‘मी तर हातही लावला नाही’ असे न विचारता सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे. कारवाई नंतर.

मग फ्रीझर. त्याचे तापमान उणे 18 अंशांच्या आसपास हवे. थर्मामीटर नसेल तर आइस्क्रीमच्या डब्यात चमचा खुपसावा. तो लोण्यात जावा तसा गेला, तर दोष बर्फयंत्राचा नाही, थंडीचा आहे. थंडी का नाही? कारण मागच्या भिंतीतल्या ज्या जाळीतून गार वारा येतो, तिच्यासमोर जानेवारीत सोललेले मटार, मे महिन्यातला आमरस, खवलेला नारळ आणि ज्यात काय आहे हे आता कुणीच सांगू शकत नाही असा एक स्टीलचा डबा, हे सारे रांगेत उभे आहेत. जाळी मोकळी करावी. मटार हलवण्यापूर्वी मालकिणीची लेखी परवानगी घ्यावी.

आता पाणी. बहुतेक घरांत भानगड इथेच असते, म्हणून इथे जरा बैठक मारू. नळजोडणीवर चालणाऱ्या आइस मेकरला पाणी नुसते असून चालत नाही, त्याला दाब लागतो. साधारण 1.4 बार, म्हणजे पुस्तिकेत लिहितात ते 20 पीएसआय. परदेशात हा दाब नळालाच असतो. आपल्याकडे तो गच्चीवरच्या टाकीच्या उंचीवर ठरतो. टाकी नळाच्या दहा मीटर वर असेल तर दाब मिळतो सुमारे एक बार. तेव्हा 1.4 बारसाठी टाकी चौदा मीटर वर हवी, आणि मजला तीन मीटरचा धरला तर इमारतीचे वरचे चार मजले या हिशेबातून बाद होतात. दहा मजली इमारतीत आइस मेकरसाठी सर्वात योग्य जागा वॉचमनच्या खोलीत आहे. पण कपाटाएवढा फ्रीज घेणारी मंडळी राहतात सर्वात वर, व्ह्यूसाठी. टाकी त्यांच्या डोक्यावरच आहे, नळाला मात्र करंगळीएवढी धार.

आणि कमी दाबाने पाणी नुसते कमी येते असेही नाही. फ्रीजच्या मागचा इनलेट व्हॉल्व्ह घट्ट मिटतो तोही पाण्याच्याच जोरावर. जोर नसला की तो टिपटिप गळत राहतो आणि ते थेंब साच्यात पाणी सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशीच गोठून बसतात. बर्फ झालाच नाही असे म्हणता येत नाही. झाला, पण वाटेतच.

काही सूज्ञ लोक फ्रीजची पांढरी पाव इंची नळी स्वयंपाकघरातल्या आरओला जोडतात. आपल्या भिंतीवरच्या आरओतले पाणी त्याच्या छोट्या टाकीतून केवळ गुरुत्वाकर्षणाने उतरते. न्यूटनच्या नियमांबद्दल आदर राखूनही एवढेच म्हणता येते की, त्या भरवशावर व्हॉल्व्ह उघडत-मिटत नाही. मध्ये छोटा बूस्टर पंप बसवावा लागतो. सोसायटीकडे वरच्या मजल्यांसाठी प्रेशर पंपाची मागणीही करता येते. ती वार्षिक सभेत मांडावी, पार्किंगचा विषय निघण्यापूर्वी. त्यानंतर कोरम राहत नाही.

इथे थोडे विषयांतर. 1833 साली फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या पाण्याचे ठोकळे ‘टस्कनी’ जहाजात भरून कलकत्त्याला धाडले. चार महिन्यांचा प्रवास झाला, विषुववृत्त दोनदा ओलांडले, आणि 180 टनांपैकी सुमारे 100 टन बर्फ शाबूत उतरला. त्याला ना व्हॉल्व्ह होता ना पीसीबी. टाकीपासून फ्रीजपर्यंतचे पंचवीस फूट आपल्याला जड जात असताना ही माहिती कुटुंबात फार पसरवू नये.

दाब ठीक असेल तर फिल्टर पाहावा. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. टँकरचे पाणी येणाऱ्या भागात त्याचे आयुष्य त्याहून कमी आणि मालकाचा त्याच्यावरचा विश्वास त्याहून जास्त असतो. खड्यांऐवजी पातळ, पोकळ टिकल्या पडू लागल्या तर समजावे की साचा पुरता भरत नाही. दिवाळीच्या साफसफाईनंतर बर्फ बंद झाला असेल तर फ्रीज पुढे ओढावा. भिंतीला टेकवताना मागची नळी दुमडली गेली असते.

नळी गोठलेली आढळली तर प्रथम प्लग काढावा. मग हेअर ड्रायर कमी आचेवर किंवा कोमट पाण्यात पिळलेले फडके. उकळते पाणी नको, आणि उलथने तर मुळीच नको. उलथन्याने बर्फ खरवडण्याची आपली परंपरा थोर आहे, पण त्या बर्फाखाली गॅसची नळी असू शकते. तिला भोक पडले की बर्फाचा प्रश्न कायमचा मिटतो.

डब्यात बर्फ आहे पण ग्लासात पडत नाही, हा वेगळा आजार. बरेच दिवस न वापरल्याने खडे एकमेकांना चिकटून त्यांची शिळा झालेली असते. डबा बाहेर काढून सिंकमध्ये रिकामा करावा आणि आतून कोरडा पुसून परत लावावा.

एवढ्यानेही भागले नाही तर मेकॅनिकला बोलवावे. तो आल्यावर आधी ‘स्टॅबिलायझर आहे का?’ असे विचारतो आणि उत्तर काहीही असले तरी ‘पीसीबी गेलंय’ असे सांगतो. त्याआधी आपण कान लावून ठेवलेला बरा. पाणी भरायच्या वेळी मागून व्हॉल्व्हची घूंऽऽ ऐकू आली आणि पाणी आले नाही, तर खोट बहुधा पाण्याच्या वाटेत आहे. घूं सुद्धा नाही, तर विजेच्या वाटेत. हे ऐकवल्यावर मेकॅनिक थोडा वेळ गप्प राहतो. तेवढ्यात चहा द्यावा.

दुरुस्तीनंतर पूर्ण चोवीस तास थांबावे आणि दर दहा मिनिटांनी दार उघडून ‘झाला का?’ पाहू नये, त्यानेच होत नाही. पहिल्या दिवसाचा बर्फ फेकून द्यावा असे पुस्तिकेत असते, कारण नव्या नळीची आणि फिल्टरची चव त्यात उतरते. ही ओळ घरातल्या ज्येष्ठांसमोर मोठ्याने वाचू नये. चांगला बर्फ फेकू दिला जाणार नाही, त्याचे पन्हे होईल. प्रेशर पंपाचा ठराव फेटाळणाऱ्या कमिटीला घरी बोलवायचे असेल तर तोच दिवस निवडावा.