भोकरदनची एकसदस्यीय निवड समिती

बाजाराच्या दिवशी भोकरदनच्या बसस्थानकाजवळ एका सलूनसमोर पाटी उभी असते. पाटी म्हणजे शाळेतून मोडीत निघालेल्या फळ्याचा तुकडा. एरवी तिच्यावर कटिंग-दाढीचे दर असतात. बाजाराच्या सकाळी दर पुसले जातात आणि तिथं एका खेळाडूचं नाव येतं. नावाखाली खडूनं एक ओळ, ओळीखाली दोन छोट्या घंटा काढलेल्या. मेथीच्या जुड्या, मिरचीची पिशवी, नवं घमेलं घेऊन चाललेली माणसं थांबून ते नाव वाचतात, "हा कोण हो?" म्हणून विचारतात आणि तिथंच फसतात. कारण आत खुर्चीवर, अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत, सांगणारा तयार बसलेला असतो.

हे सिलेक्टर काका. यांची निवड समिती एकसदस्यीय आहे. अध्यक्ष, सचिव, निमंत्रक सगळे तेच. बैठक रोज असते, निकाल आठवड्यातून एकदा.

असा माणूस फक्त भोकरदनलाच असतो असं नाही. सिल्लोडला तो खताच्या दुकानात बिलबुकाच्या पाठीमागे नावं लिहीत असेल, जाफराबादला पोस्टाच्या ओट्यावर बसत असेल. कुठं तो पी.टी.चा निवृत्त मास्तर असतो, कुठं पतपेढीचा पिग्मी एजंट. स्वतः तो कधी तालुक्याच्या पुढं खेळलेला नसतो. बहुतेक वेळा तालुक्यापर्यंतही नसतो. पण कोणाला संघात घ्यायला हवं होतं हे त्याला निवड व्हायच्या आधीच माहीत असतं. भोकरदनचा हा नमुना एसटीत वाहक होता, म्हणून त्याच्या निवडीला तिकिटाचा आणि घंटीचा वास आहे. सिंगल बेल म्हणजे गाडी थांबवा, डबल बेल म्हणजे सोडा. पाटीवरच्या दोन घंटांचा अर्थ तोच. एखादं नाव कोणी सुचवलं आणि काकांना पटलं नाही, तर ते हवेत एकदाच दोरी ओढल्यासारखं करतात. सुचवणारा उतरतो.

समितीचा पहिला नियम असा की सामनावीराला निव्वळ त्या मानासाठी पाटीवर जागा नाही. "त्याला चेक भेटला ना? मग आपला खडू काहून खर्च करायचा?" आठवड्यात कोणी किती धावा केल्या याचं त्यांना वावडं नाही, आकडे तोंडपाठ असतात, पण नाव द्यायचं ते धावांसाठी नाही, वागणुकीसाठी. आता २०२० च्या डिसेंबरातली मेलबर्न कसोटी घ्या. आधीच्या सामन्यात ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपलेला, विराट कोहली घरी परतलेला, आणि कर्णधारपदाची झूल अजिंक्य रहाणेच्या अंगावर. त्यानं ११२ धावा केल्या. अख्खं गाव म्हणालं, या आठवड्याला रहाणेच. काका म्हणाले, रहाणेच, पण ११२ साठी नाही. जडेजा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता, त्यानं चोरटी धाव काढायला हाक दिली आणि रहाणे धावबाद झाला. जडेजाचा चेहरा पडला. रहाणे त्याच्याकडे डोळे वटारून न बघता जवळ गेला, त्याची समजूत घातली आणि मग तंबूकडे वळला. पाटीवर ओळ आली: 'धक्का लागला तरी भांडला नाही.' एवढ्या वर्षांच्या नोकरीत असे प्रवासी आपण चारच पाहिले, असं काका सांगतात. त्यातले दोन झोपलेले होते, हेही प्रामाणिकपणे सांगतात.

दुसरा नियम रजेचा. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेच्या संघात मुंबईचा सौरभ नेत्रावळकर खेळत होता. हा मुलगा २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला, मग शिकायला अमेरिकेला गेलेला, तिथं ओरॅकल कंपनीत इंजिनिअर. ६ जूनला डॅलसमध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला आणि सुपर ओव्हर नेत्रावळकरच्या हाती आली. अमेरिकेच्या १८ धावा होत्या. त्यानं पाकिस्तानला १३ वर रोखलं. सलूनमध्ये जल्लोष झाला. सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच मुलानं कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केलं, पाठोपाठ रोहित शर्मालाही, आणि सलूनमध्ये शांतता पसरली. त्या आठवड्याची पाटी हा गावात वादाचा विषय झाला. 'सौरभ नेत्रावळकर – नोकरी सांभाळून.' काहींनी देशभक्तीचा मुद्दा काढला. काकांनी वेबिल मांडावं तसा हिशोब मांडला: विकेट आपली गेली, पोरगं आपलं आहे, सामना आपण जिंकलो, जमा-खर्च बरोबर. त्यांचं खरं कौतुक गोलंदाजीचं नव्हतंच. अमेरिकेचा संघ पुढच्या फेरीत गेला म्हणजे त्याला रजा वाढवून घ्यावी लागणार, आणि रजा वाढवून मागणं ही सुपर ओव्हरपेक्षा अवघड गोष्ट आहे, हे एसटीत नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

अमेरिकेचा विषय निघाला की भाच्याचा विषय निघतो. काकांचा भाचा न्यू जर्सीत आहे. त्यानं एकदा फोनवर सांगितलं की तिकडे मेजर लीग बेसबॉलवाले दर आठवड्याला 'आठवड्याचा खेळाडू' जाहीर करतात, दोन लीगमधून एकेक, आणि हे सत्तरच्या दशकापासून चालू आहे. दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. काका म्हणाले, "म्हंजी त्याइच्याकडंबी सलून हाय."

बेसबॉल भोकरदनला अगदीच परका नाही. शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत तो आहे, त्यामुळे बॅट कधी हातात न धरलेल्या पालकांनाही त्याच्या प्रमाणपत्राची किंमत ठाऊक असते. भाच्यानं २०२४ च्या मोसमात शोहेई ओहतानी या जपानी गड्याची ओळख करून दिली. एका मोसमात ५४ होमरन आणि ५९ चोरलेले बेस. पन्नास-पन्नासचा तो उंबरठा त्याच्याआधी कोणी ओलांडला नव्हता. ज्या दिवशी ओलांडला त्या दिवशी सहा वेळा फलंदाजीला येऊन सहाही वेळा फटका यशस्वी, त्यात तीन होमरन. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सिंगल बेल दिली. चेकवाला माणूस. मग भाच्यानं जाता जाता सांगितलं की २८ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या मैदानावर सामन्याआधीचा मानाचा पहिला चेंडू ओहतानीच्या डेकॉय नावाच्या कुत्र्यानं टाकला. टाकला म्हणजे काय, ओहतानी पलीकडे बसला, आणि कुत्र्यानं चेंडू तोंडात धरून धावत त्याच्याकडे नेऊन दिला. नंतर त्याच सामन्यात मालकानं पहिल्याच संधीला होमरन मारला.

त्या बाजाराला पाटीवर नाव होतं: डेकॉय. खाली ओळ: 'चेंडू दिला, चावला नाही.' दोन घंटा. मिरची विकायला आलेल्या एका आजींनी हा कोणत्या गावचा म्हणून विचारलं, तेव्हा सलूनवाल्यानं वस्तरा बाजूला ठेवला आणि तो पाच मिनिटं हसत राहिला. गिऱ्हाईक तसंच बसून होतं.

आता कोणी म्हणेल की हा सगळा पोरकटपणा आहे. थोडा आहेच. पण ४५१ चं प्रकरण ऐकलं की या माणसाच्या डोक्यात कुठलं यंत्र चालतं ते कळतं. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. पुढे तो भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाचा कर्णधार झाला, २०१४ चा विश्वचषक त्याच्या नेतृत्वाखाली खेळला गेला. जिल्ह्यात त्या ४५१ चं कौतुक सगळ्यांनाच. काकांना मात्र झोप लागेना, कारण ब्रॅडमनचा प्रथम श्रेणीतला सर्वोच्च डाव नाबाद ४५२ चा. सामन्याचा दर्जा वेगळा, मान्य. पण एक धाव! त्याच्याही आधी, १९४८ मध्ये पुण्याला भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर असताना प्रतिस्पर्धी संघानं सामनाच सोडून दिला आणि ब्रॅडमन नऊ धावांवर राहिला. मग १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. अंतिम फेरीतले गुण ४५१.४. काकांनी टीव्हीवरचा आकडा बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला. पाटीवर ओळ आली: 'झोलपेक्षा चार दशांश जास्त.' रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला माणूस ऑलिंपिकचं पदक आणतो, याचा एका निवृत्त वाहकाला किती आनंद झाला असेल ते वेगळं सांगायला नको. खात्याचा मान!

अविनाश साबळेचा आठवडा मात्र गमतीत गेला नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, म्हणजे मराठवाड्याचाच. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये तो ८ मिनिटं ११.२० सेकंदांत दुसरा आला. या शर्यतीची तिन्ही पदकं १९९८ पासून प्रत्येक खेपेला केनियावालेच नेत आले होते. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. काकांनी ०.०५ सेकंद म्हणजे किती हे दाखवायचं ठरवलं. त्यांनी सलूनच्या दाराच्या कडीला सुतळी बांधली आणि डबल बेल दिली, टण-टण. "ह्या दोन टणांच्या मधी सुवर्ण गेलं." मग पुन्हा ओढून बघितलं. किती घाईनं ओढली तरी मधलं अंतर ०.०५ पेक्षा जास्तच येत होतं. शेवटी सुतळी तुटली. त्या दिवशी पाटीवर ओळ नव्हती. नुसतं नाव होतं.

पोरांना या निवडीचं काही पडलेलं नसायचं. त्यांच्या मोबाइलमध्ये त्यांचे स्वतःचे संघ असत. पैसे लावून अकरा जण निवडायचे, कर्णधाराला दुप्पट गुण, उपकर्णधाराला दीडपट. काकांनी एकदा विचारलं होतं, मग ड्रायव्हरला काय? कोणी टिप मागितली तर ते सरळ चेहऱ्यानं नीलेश कुलकर्णीचं नाव देत. पोरं गुगलवर शोधत आणि डोक्याला हात लावत. १९९७ मध्ये कोलंबोला कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेणारा हा डोंबिवलीचा फिरकीपटू. असं करणारा पहिला भारतीय. त्यानंतर श्रीलंकेनं ९५२ धावा केल्या, आणि कुलकर्णीचं अंतिम पृथक्करण ७० षटकं, १९५ धावा, बळी तोच एक. काकांच्या मते चाकरमान्याच्या आयुष्याचं याहून अचूक वर्णन क्रिकेटनं केलेलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि पोरांचे पैशांचे संघ मोबाइलमधून गेले. सलूनसमोरची गर्दी वाढली. काकांनी त्याचं श्रेय घेतलं नाही, पण नाकारलंही नाही.

पक्षपात? भरपूर. मराठवाड्यातला खेळाडू असेल तर काकांचा खडू आधीच ओला असतो. अंपायरशी हुज्जत घालणारा कितीही मोठा असो, वर्षभर पाटीवर चढत नाही. खेळ नसलेल्या आठवड्यात जुनी वेबिलं निघतात आणि बापू नाडकर्णी येतात: १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव, ३२ षटकांत पाच धावा. हे नाव दरवर्षी किमान दोनदा येतं. काकूंना ते पाठ झालंय. घरात काका पैसे सुटे करायला तयार झाले नाहीत की त्या त्यांना 'नाडकर्णी' म्हणतात.

गावात एक इतिहासाचे सर आहेत, ते अधूनमधून टोचतात. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी सांचीच्या स्तूपाला दान दिलं आणि त्यांची नावं तिथल्या दगडात कोरली गेली, ती आजही वाचता येतात. तुमची नावं सोमवारी पुसली जातात, असं सर म्हणतात. काकांचं उत्तर तयार आहे: त्यांनी पैसे भरून नाव कोरून घेतलं, आपण फुकट लिहितो.

२ नोव्हेंबर २०२५ ला रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पुढच्या बाजाराला पाटी कोणाच्या नावाची, यावर सलूनमध्ये तीन तट पडले. एक शफाली वर्माच्या ८७ धावांचा, एक दीप्ती शर्माच्या पाच बळींचा, आणि एक उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्जचा. काका सकाळी आले, दर पुसले, आणि लिहिलं: अमोल मुजुमदार.

तट एकदम एक झाले. प्रशिक्षकाला कधी आठवड्याचा खेळाडू करतात का? काकांनी गालाचा साबण पुसला आणि १९८८ पासून सुरुवात केली. हॅरिस शील्ड, शारदाश्रम शाळा, सचिन आणि विनोदची अभेद्य ६६४ धावांची भागीदारी. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. तो बसूनच राहिला. तो हा. पुढे रणजी पदार्पणात २६०. त्यानंतर प्रथम श्रेणीचे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं.

मग काकांनी खडू उचलून शेवटची ओळ लिहिली: 'भारताकडून सामने – ०'. शून्य एवढं मोठं काढलं की दोन घंटांना पाटीवर जागा उरली नाही. त्या त्यांनी शून्याच्या आत काढल्या.