अण्णा बघतात

भोसरीच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम कंपनीत शिरा, वॉचमनच्या मागोमाग जो भेटतो तो अ‍ॅडमिनवाला. आमच्याकडच्यांना सगळे अण्णा म्हणतात. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, पण पाचशेच्या व्हाउचरवर सहीचा अधिकार नाही. सही शेठची. शेठ नसले तर मेव्हण्यांची, आणि ती शेठ आल्यावर खोडतात.

पाण्याच्या जारवाला वसुलीला येतो तेव्हा अण्णांना बघावं. काचेआड शेठ ढळढळीत दिसत असतात. अण्णा त्यांच्याकडे पाठ करून सांगतात, "साहेब चाकणला गेलेत." जारवाला हलत नाही. त्याला चहा पाजायला हवा, पण चहावाल्याची उधारी त्याहून जुनी. अण्णा फोन लावतात, "अरे, तुझंच व्हाउचर लिहितोय. तेवढे दोन कटिंग पाठव." चहा येतो. जारवाला पितो, शिव्या घालतो आणि भरलेले जार ठेवून जातो.

मध्यंतरी शेठ कुठलासा सेमिनार ऐकून आले आणि कंपनीत फाइव्ह-एस सुरू झालं. सेइरी, सेइतोन वगैरे जपानी पाट्या लागल्या, प्रत्येक वस्तूभोवती पिवळी पट्टी आली. एसीच्या रिमोटसाठीही भिंतीवर सुरेख चौकोन आखला. रिमोट शेठच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. त्या एका कुलपाची किल्ली जुडग्यात नाही.

पीएफ भरायची मुदत 15 तारखेची. बँकेचा ओटीपी शेठच्या मोबाइलवर येतो आणि शेठ नेमके त्याच दिवशी शिर्डीला, रांगेत. दंड लागला की विचारणा अण्णांना.

आयएसओचं ऑडिट जवळ आलं की मात्र सगळी कंपनी अण्णांच्या मागे-पुढे करते. वर्षभर कोरी राहिलेली रजिस्टरं ते दोन रात्रींत भरून काढतात. निळं, काळं आणि जरा सुकत आलेलं, अशी तीन पेनं. जुलैच्या पानांवर पाण्याचे दोन शिंतोडे. मधेच एखादी नोंद मुद्दाम चुकवून खोडायची, शेजारी बारीक सही. "बिनचूक रजिस्टर दिसलं की ऑडिटरला संशय येतो," असं त्यांचं मत. हे योग्य नव्हे, मान्य. पण इतक्या तपशिलात रमणारा कथालेखक अलीकडे माझ्या वाचनात नाही.

कुणी काहीही मागा, अण्णा "नाही" म्हणत नाहीत. "बघतो" म्हणतात. पगारवाढ, गळका नळ, पंख्याचा आवाज, सगळ्यांना बघतो.

गेल्या महिन्यात गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, अण्णा हिंजवडीला मुलाखत देऊन आले. निवडही झाली.

"कंपनी कशी आहे?" मी विचारलं.

"चांगली आहे. बिलं वेळेवर, सह्या वेळेवर. प्रत्येक कामाला वेगळा माणूस."

"मग कधी जॉइन होताय?"

"जाऊन करू काय?" अण्णा करवादले. "तिथं दिवसभर नुसतं अ‍ॅडमिनचं काम करावं लागेल!"